पाच मूकपट आणि एक डबा

अमेरिकेत, श्रूजबरीत आमच्या शेजारी राहणाऱ्या बाई ब्याण्णव वर्षांच्या. त्यांची आई मूकपटांच्या काळात नटी होती. तीन वर्षं, पाच चित्रपट, एवढीच कारकीर्द. मग लग्न झालं, नवऱ्याने स्टुडिओचं नाव घरात काढू दिलं नाही, आणि तिने उरलेलं आयुष्य लोकांचे कपडे शिवण्यात घालवलं. चार चित्रपट नष्ट झाले. पाचव्याचं एक रीळ घरातच ठेवलंय, असं ती शेवटच्या आजारात म्हणाली. कुठे, ते सांगायचं राहिलं. बाईंनी अनेक वर्षं तळघर धुंडाळलं.

"आईला मी हसताना पाहिलेलं नाही," त्या म्हणायच्या. "त्या रिळात ती हसते म्हणे. तेवढं बघायचंय."

गेल्या वर्षी त्यांचं वृद्धाश्रमात जायचं ठरलं आणि घर आवरायचं काम मी अंगावर घेतलं. दोन शनिवार तळघरातली खोकी उपसली. रीळ नव्हतं. तिसऱ्या शनिवारी स्वयंपाकघर काढलं. सगळ्यात वरच्या फळीवर, बिस्किटांच्या डब्यांमागे, एक चपटा गंजका डबा होता. आत तपकिरी भुकटी आणि चिकट गोळा. वास जुन्या मोज्यांचा. कुठल्या तरी नाताळातला केक असणार, असं धरून मी तो पिशवीत ओतला आणि पिशवी कचऱ्यात टाकली. डबा जाड पत्र्याचा होता, म्हणून घरी आणून घासला. तळाला कोरलेली अक्षरं दिसली. कंपनीचं नाव असेल म्हणून वाचली नाहीत.

"एक दिवस मलाही असंच घासशील," नवरा म्हणाला.

"उभा राहा सिंकपाशी."

दिवाळी होती. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही आमच्या घरची शिस्त. बुधवारी त्यात शंकरपाळे भरून नेले.

"पुन्हा माझं वजन वाढवणार तू," बाई हसल्या. त्यांना दिसतं कमी. डबा मांडीवर घेताना बोटं तळाला लागली आणि तिथेच थांबली. बराच वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या.

"हे आईचं पडद्यावरचं नाव. यात काय होतं?"

मी सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

"जुनी फिल्म सडली की तिची अशीच भुकटी होते. गोळ्याच्या आत पाहिलंस? बाहेरून सडलं तरी मधली थोडी फिल्म टिकते कधीकधी."

"नाही पाहिलं."

"कचऱ्याची गाडी?"

"काल येऊन गेली."

घरी जाऊन मी टाउनच्या ऑफिसात फोन केला. कचरा त्याच दिवशी भट्टीत जातो, असं कळलं. ते सांगायला परत गेले, तर डबा तसाच मांडीवर, न उघडलेला.

"तो गोळा जड होता का गं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "जड होता."