पडलेली दुर्बीण

दुर्बीण घ्यायला आम्ही यवतमाळला गेलो, तेव्हा दुकानदार सगळा वेळ माझ्या नवऱ्याशी बोलत होता. प्रश्न मी विचारायचे, उत्तर त्यांच्याकडे बघून यायचं. मी महागावच्या शाळेत विज्ञान शिकवते. भिंगं, प्रिझम हे माझं रोजचं काम. राहायला आम्ही फुलसावंगीला. गावाबाहेरच्या तलावावर हिवाळ्यात चक्रवाक उतरतात, चित्रबलाक येतात. कितीतरी वर्षं मी ते नुसत्या डोळ्यांनी ठिपक्यांसारखे पाहिले होते. दुर्बीण मला हवी होती, माझ्या पगारातून मी घेणार होते, आणि दुकानदार म्हणत होता, "साहेब, ही मोठी घ्या. चंद्रावरचे खड्डे दिसतात."

लाल काचांची, काळी, विटेएवढी दुर्बीण त्याने पुढे केली. मी म्हटलं, "मला लहान पाहिजे. पर्समध्ये मावेल अशी, आठपट दाखवणारी. त्याहून जास्त झालं की हात थरथरतो आणि चित्र हलतं."

"मॅडमले हलकी पाहिजे," तो नवऱ्याला म्हणाला.

मग मी त्याच्याशी बोलणंच सोडलं. एकेक दुर्बीण घेऊन दुकानाच्या दारात उभी राहायचे आणि रस्त्यापलीकडच्या हॉटेलची पाटी वाचायचे. एकीत अक्षरांच्या कडांना जांभळी किनार दिसत होती. दुसरीत चष्मा लावल्यावर भोवती काळं वर्तुळ यायचं, अर्धी पाटीच गायब. तिसरीचे डोळ्यांकडचे रबरी कप खाली फिरवले, उजव्या डोळ्याचं चाक माझ्या नंबराला जुळवलं, आणि पाटीवरच्या चहाच्या कपातून निघणारी रंगवलेली वाफसुद्धा दिसली. दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून लांब नेऊन पाहिली. दोन्ही डोळ्यांचं चित्र एकच राहिलं. हीच घेतली.

"अजून किती वेळ लागन?" दुकानदाराने नवऱ्याला विचारलं होतं.

"तिलेच विचारा," नवरा म्हणाला. त्या दिवशी मला त्यांचं फार कौतुक वाटलं होतं.

घरात माझ्या दुर्बिणीची थट्टा व्हायची. काचेवर धूळ बसली की मी आधी रबरी फुग्याने हवा मारते, मग मऊ ब्रशने झटकते, आणि डाग उरलाच तर चष्म्याच्या फडक्याने पुसते. पदराने कधीच नाही, कारण धुळीचा एक कण काचेवर कायमचा ओरखडा पाडतो. पावसाळ्यात ती घट्ट झाकणाच्या डब्यात असते, सोबत बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या. नाहीतर आतून बुरशी धरते. उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत ठेवू देत नाही. सासूबाई म्हणायच्या, "लेकराले जपते तशी जपते." म्हणू दे. मला ते काम आवडायचं.

मागच्या दिवाळीत मी माझ्या माहेरी, तांड्यावर गेले होते. तेवढ्यात माझा दीर ढाणकीहून आला आणि मित्रांसोबत वाघ बघायला जायचं म्हणून दुर्बीण घेऊन गेला. कपाटातून काढून दिली माझ्या नवऱ्याने. मी परत आले तेव्हा ती डब्यात होती. विचारलं नाही याचा राग आला, पण काचा पाहिल्या, ओरखडा नव्हता. एक डोळा मिटून पाहिलं, दुसरा मिटून पाहिलं. साफ होतं. दुकानातल्यासारखं दोन्ही डोळ्यांनी, लांब नेऊन पाहायचं मला सुचलंच नाही. विषय सोडून दिला.

तलावावर गेले आणि थोड्याच वेळात डोकं दुखायला लागलं. कपाळाच्या मधोमध कुणीतरी दाबतंय असं. पाण्यातला पक्षी मधूनच एकाचे दोन व्हायचा, मग ओढून आणल्यासारखा परत एक व्हायचा. मळमळायचं. वाटलं, ऊन लागलं असेल. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच, आणि तिसऱ्याही.

तेव्हा मी घाबरले, आणि त्याला कारण होतं. माझी याडी, म्हणजे माझी आई, काचबिंदूने आंधळी झाली. तिचीही सुरुवात डोकेदुखीने झाली होती आणि कुणी लक्ष दिलं नव्हतं. तिच्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की मुलांनी डोळे तपासत राहा. आता माझी पाळी आली असं मी धरून चालले.

नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही जरा बघा हो हिच्यातून. दुर्बिणीतच काही झालंय का?"

त्यांनी अंगणातून समोरच्या निंबाकडे पाहिलं. पुरतं पाहिलंही नाही. "मले तर एकदम साफ दिसून राह्यलं."

म्हणजे दोष माझ्याच डोळ्यांत. मी तलावावर जाणं बंद केलं. वर्गात फळ्याकडे बघतानाही मी एकेक डोळा मिटून पाहायचे. मुली हसायच्या. याडीला फोनवर सांगितलं, तर ती रडायला लागली आणि माझ्यासाठी उपास धरून बसली. मीही रडले, नवऱ्यासमोर, सासूबाईंसमोर. दोघांनी समजूत काढली. सासूबाईंनी डोक्याला तेल लावून दिलं.

हिवाळा सरत आला तेव्हा नवऱ्याने मोटरसायकलवरून पुसदला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी डोळ्यांचा दाब पाहिला, थेंब टाकून आतून पडदा पाहिला. म्हणाल्या, "काही नाही. डोळे उत्तम आहेत. दुखतं कधी?"

"पक्षी बघताना. दुर्बिणीतून."

"आणलीय का?"

पर्समध्ये होती. त्यांनी दारातून कॉरिडॉरच्या टोकाला टांगलेल्या कॅलेंडरकडे ती रोखली आणि लगेच खाली घेतली. "बाई, मला दोन कॅलेंडरं दिसतायत. ही पडली होती का?"

"नाही," मी म्हटलं.

"पडलीय. दोन्ही नळ्या आता एका रेषेत नाहीत. एकेका डोळ्याने साफ दिसणार, दोन्हींनी बघाल तर डोळे दोन चित्रं ओढून एक करणार. त्यांचं बळ जातं, म्हणून डोकं दुखतं."

मी बाहेर आले. नवरा बाकावर बसला होता. "डोळे ठीक आहेत," एवढंच म्हटलं. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तो खरा होता, हे मला आजही मान्य आहे. आम्ही मोटरसायकलवरून घरी आलो.

सासूबाई ओसरीत तूर निवडत होत्या. मी नवऱ्याला विचारलं, "दुर्बीण पडली होती का?"

उत्तर सासूबाईंनी दिलं, हात न थांबवता. "पडलती म्हने गाडीतून. पन त्यानं पुसून देल्ली ना. तुले अजून सांगतलं नाही का?"

सगळ्यांना माहीत होतं. दीर, नवरा, सासूबाई, बहुतेक जाऊसुद्धा. अख्खा हिवाळा मी त्यांच्यासमोर आंधळी होण्याच्या भीतीने रडत होते, आणि ते माझ्या डोक्याला तेल लावत होते.

"तू घर डोक्यावर घेतलं असतं," नवरा म्हणाला. "म्हून नाही सांगतलं. आन् पडल्यानं डोकं दुखते हे मले कुठं माहीत होतं?"

"मी तुम्हाला विचारलं होतं, दुर्बिणीत काही झालंय का. तेव्हा तुम्हाला दोन निंब दिसले की नाही?"

ते वाकून सासूबाईंच्या तुरीतले खडे निवडायला लागले. म्हणजे दिसले होते.

मी घर डोक्यावर घेतलं नाही. ओरडायची ताकदच नव्हती. सरळ दिराला फोन लावला.

"वहिनी, एवढीशी तर चीज," तो म्हणाला. "त्याहून मोठी आनून देतो."

"मोठी नको. कशी पडली ते सांग."

"जिप्सीतून उतरताना. तो गळ्यातला पट्टा मले आवडत नाही. हातातच धरली होती."

पट्टा आवडत नाही. मी फोन ठेवला.

याडीला कळवलं तर ती म्हणाली, "डोळे बरे हायेत ना? मग भांडन कायले?" मला तिचाही राग आला. उपास तिने केले होते, आणि ते कुणामुळे करावे लागले ते तिला विचारावंसंही वाटेना.

दुर्बीण नागपूरला पाठवली. सरकलेलं प्रिझम बसवून ती नीट होऊन आली. तलावावर गेले, चक्रवाक निघून गेले होते. नवऱ्याने माफी मागितली, एकदा, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. मी ऐकून घेतली. त्यांच्याशी पूर्वीसारखं बोलते, पण त्यांनी "साफ दिसते" म्हटलं की आता मी स्वतः जाऊन बघते. मग ते बिल असो, औषध असो की दूध नासलंय का असो.

या दिवाळीत दीर पुन्हा आला. पुन्हा मित्र, पुन्हा वाघ. चहाचा कप हातात घेऊन, जाऊ आणि तिचा भाऊ बसले असताना म्हणाला, "वहिनी, ती दुर्बीण द्या ना दोन दिवस."

"नाही."

"पट्टा घालतो गळ्यात."

"नाही."

नवरा हळूच म्हणाला, "दे ना. पाव्हण्यासमोर कायले?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहून तोंड फिरवलं. जाऊ म्हणाली की एवढ्याशा वस्तूसाठी माणसं तुटतात. मी म्हटलं, तुटू दे.

दीर कप तसाच ठेवून उठला आणि गाडी सुरू करून गेला. चहावर साय धरली होती. मी तो मोरीत ओतला आणि कप धुऊन ठेवला.