चौथं शील

पोडिमेणिके म्हणजे आमच्या गावचं फटकळ तोंड. नवरा गेल्यापासून नारळाच्या सोडणांचा काथ्या कुटून पोट भरायची. तो काथ्या विकत घ्यायचा गुणपाल मुदलाली, गावातला एकुलता एक बडा दुकानदार. त्याच्याशी वाकडं म्हणजे पोटाशी वाकडं.

या मुदलालीनं दारू पिऊन स्वतः लॉरी हाकली आणि एका सायकलवाल्याचा पाय मोडला. कोठडीत गेला मात्र त्याचा ड्रायव्हर तिलकसिरी, जो बिचारा त्या दिवशी तापानं घरी पडून होता. वळणावर अर्ध्या गावानं पाहिलं होतं, पोडिमेणिकेनंही. पण विहाराचं छप्पर मुदलालीनं घातलेलं. सगळ्यांची दातखीळ बसली.

पौर्णिमेला गाव पांढऱ्या कपड्यांत विहारात त्या दिवसाची आठ शीलं घ्यायला बसलं. सर्वांत पुढं मुदलाली, अगदी बगळाभगत! भन्ते एकेक शील सांगत होते, गाव मागून म्हणत होतं. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं आणि पोडिमेणिके ताडकन उभी राहिली.

"भन्ते, जरा थांबा. हे म्हणायच्या आधी मला खरं बोलून घेऊ द्या. लॉरी मुदलाली चालवत होता."

शेजारणीनं पदर ओढला. "अक्का, बस ना! पौर्णिमेचा दिवस, तमाशा कशाला?"

"मग काय खरं बोलायला अमावास्या बघू?"

"म्हातारे," मुदलाली गुरगुरला, "उद्या काथ्या कुणाला विकशील?"

"नाही विकत, जा! तुझ्या छपराखाली बसून बुद्धासमोर खोटं बोलायचं, त्यापेक्षा उपाशी मरेन."

भन्तेंनी चौथं शील पुन्हा सांगितलं. गाव पुटपुटलं, पोडिमेणिकेनं मात्र खणखणीत म्हटलं. आठही शीलं घेऊन ती तशीच, पांढऱ्या कपड्यांत, पोलीस ठाण्यात गेली.

इन्स्पेक्टरचं मुदलालीकडे जाणंयेणं होतं. "उद्या बघू, मावशी. बसा, चहा घ्या," म्हणत त्यानं खुर्ची सरकवली.

ती सरळ फरशीवर बसली. आठवं शील घेतलेलं माणूस त्या दिवशी उंच आसनावर बसत नाही, आणि आमच्याकडे अशा माणसासमोर कुणी खुर्चीत बसत नाही. आधी हवालदार उठून उभा राहिला.

"मावशी, वर बसा ना," इन्स्पेक्टर अवघडून म्हणाला.

"आज नाही. तुम्ही बसा खुशाल. लिहून घेतल्याशिवाय मी हलत नाही."

दारात माणसं जमली होती. इन्स्पेक्टरनं टोपी काढली, फरशीवर मांडी घातली आणि पेन उघडलं.

"हं," पोडिमेणिके म्हणाली, "लिहा. लॉरी मुदलाली चालवत होता."