लाइव्हवाली

बोईसरच्या औद्योगिक सुरक्षा परिषदेत मला ती भेटली. परिषदेचं लाइव्ह करायला आयोजकांनी तिला शिरगावहून बोलावलं होतं. नाव मी विचारलं नाही. सगळे तिला लाइव्हवाली म्हणत. गळ्यात दोन मोबाइल, खांद्याला स्टँड. एका मोबाइलवर ती शूटिंग करी, दुसऱ्यावर अंगठ्याने मजकूर टाइप करी आणि मधूनच ओढणीने कॅमेऱ्याची काच पुसे. कोण काय बोलतंय याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

जेवणानंतर माझं भाषण होतं. विषय, धोक्याचा भोंगा वाजल्यावर बाहेर कसं पडावं. महिनाभर तयारी केली होती. मी "मित्रहो" म्हणालो आणि बाहेर दुसऱ्या पाळीच्या बसचा हॉर्न वाजला. श्रोते म्हणून आणलेले कामगार उठले. ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही. ओळीने, दोन्ही दारांनी सगळे बाहेर. समोर फक्त ती उरली. दाराशी स्टँड लावून शेवटच्या माणसापर्यंत तिने शूट केलं होतं.

"अहो, माझं भाषण राहिलंय," मी म्हणालो.

"तुमी आता काय बोलणार, सर?" अंगठा न थांबवता ती म्हणाली. "लोकांनी करून दाखवलं ना."

तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. 'तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली यशस्वी प्रात्यक्षिक' असं लिहून व्हिडिओ टाकलाही होता. शेजारी माझा फोटो, तोंड उघडं.

यंदा आयोजकांचा पुन्हा फोन आला. म्हणाले, "सर, भाषण नको. तेवढं प्रात्यक्षिक ठेवू."

मी बसची वेळ विचारून घेतली.