गप्सूदादांची शपथ

थाक गप्सूंनी अडतीस वर्षं शिकागोत लोकांचे कोट धुतले. सहासष्टाव्या वर्षी ते कोरियातल्या आमच्या नामहे बेटावर कायमचे परतले, ते दर चुसॉकआधी, म्हणजे पितरांच्या सणाआधी, आईवडिलांच्या थडग्यांवरचं गवत स्वतःच्या हातानं कापायला. तोवर चुलतभाऊ मशीन फिरवायचा आणि फोटो पाठवायचा. त्या फोटोंचा दादांना भयंकर राग.

तिकडचं नागरिकत्व घेतलं तेव्हा त्यांचं इथलं गेलं होतं. पासष्टी उलटून परतणाऱ्याला आमचं सरकार दोन्ही ठेवू देतं. फक्त इथं असताना परदेशी नागरिकत्व वापरणार नाही, अशी लेखी शपथ घ्यावी लागते. तिकडे मुलगी आणि सात वर्षांची नात होती, म्हणून दादांना तिकडचंही सोडवेना. मी गावचा सरपंच, तेव्हा शहरातल्या कार्यालयात मीच सोबत गेलो.

"सरपंच, वापरायचं नाही म्हणजे नेमकं काय काय?" त्यांनी पाचव्यांदा विचारलं. शेवटची बस सुटायला वीस मिनिटं होती. माझं डोकं फिरलं.

"सगळंच! टोपी, कॉफी, इंग्रजी! तोंडातून एक इंग्रजी शब्द निघाला तर ठेवून घेतील का तुम्हाला?"

दादांनी मान हलवली आणि सही केली.

गावात येऊन त्यांनी शिकागोची टोपी बुजगावण्याला घातली. अमेरिकन पासपोर्ट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून किमचीच्या फ्रिजमध्ये तळाशी ठेवला. म्हाताऱ्यांच्या बैठकीत बोंग्ने आजींनी पुडीतली कॉफी पुढे केली, तर म्हणाले, "वहिनी, कारखाना कुठला आहे ते आधी वाचा."

"चष्मा घरी राहिलाय. पी मुकाट्यानं!"

मी महिनाभर हसत होतो.

मग एका रविवारी, सकाळी नऊ वाजता, खताचा अर्ज घेऊन त्यांच्या घरी गेलो. नातीचा फोन आला होता. तिला फक्त इंग्रजी येतं. पडलेला दात कॅमेऱ्यासमोर धरून ती बरंच काही सांगत होती. दादा आपल्या भाषेत म्हणाले, "जेवलीस का?" ती पुन्हा बोलली. "जेवलीस का?" पोरीनं दात मुठीत घेतला आणि उठून गेली. तिची आई समोर आली.

"बाबा, ती विचारते, आजोबा माझ्यावर का रागावलेत? पुढच्या वेळी ती फोनवर यायची नाही."

फोन बंद झाला.

"दादा, अहो, मी तेव्हा चिडून बोललो होतो."

"मुलगीही म्हणते, असं काही नसतं. पण सही मी केलीय. आणि सरपंच चिडला म्हणून नियम बदलतो का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोमवारी पहिल्या बसनं त्यांना कार्यालयात नेलं. खिडकीवरच्या मुलीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आजोबा, खुशाल इंग्रजी बोला. त्यासाठी आम्ही मुलांच्या क्लासला पैसे भरतो. फक्त अमेरिकन आहे म्हणून इथं वेगळं काही मागू नका, आणि देशात येता-जाता आपला कोरियन पासपोर्ट दाखवा."

"लेखी द्या," दादा म्हणाले. तिनं चिठ्ठी लिहून दिली. "ह्यांना असं कोणी सांगितलं?" असं काहीतरी पुटपुटत तिनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

पुढच्या रविवारी चिठ्ठी फोनशेजारी ठेवून दादा बसले. त्यांच्या मुलीनं पोरीला ओढून कॅमेऱ्यासमोर आणलं. दादा दहा मिनिटं इंग्रजीत बोलले. मला एकच शब्द कळला, "सॉरी". तो ते सात वेळा म्हणाले. पोर आधी खाली बघत होती. मग तिनं तोंड उघडून नवा दात दाखवला.

तो शब्द खरं तर मी म्हणायला हवा होता. पण मला इंग्रजी येत नाही, आणि आपल्या भाषेत म्हणायला सरपंचपद आडवं आलं.

चुसॉकच्या आधी मी विळा घेऊन टेकडीवर गेलो. मशीन नेली नाही. दादा वडिलांच्या थडग्यावरचं गवत कापत होते. त्यांनी वर पाहिलं, माझ्या हातातला विळा पाहिला.

"आईचं तू काप," ते म्हणाले.