एकसारखी दोन भोकं

बेलापूर सोडलं ते उसाच्या बेण्याच्या ट्रकमधून, मोळ्यांच्या आड बसून. वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या, डोक्याला आईच्या लुगड्याची पट्टी बांधली होती, ती भिजून मानेवर रक्त ओघळत होतं. माझ्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं. रस्त्यात खड्डा आला की मोडलेली टोकं एकमेकांवर घासत आणि डोळ्यांपुढे पांढरं होई. मांडीवर माझ्या अॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर होता. त्या यंत्रातलं तेवढंच उरलं होतं. त्याच्या पोलादी पत्र्यांत कुऱ्हाडीचा घाव होता आणि घावात आण्णांचे केस अडकले होते.

आई म्हणाली, "वसंता, टाक ते लोखंड. घर जाळलं त्यांनी, आन तू लोखंड घिऊन बसलाय."

मी टाकलं नाही.

गावात राहिलेल्यांसाठी आणि आमच्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठी हे लिहितो आहे, कारण दोन्हीकडे एक गोष्ट अजून चुकीची सांगतात. बहिऱ्या पाटकऱ्याच्या हातून भोक चुकलं आणि त्यातून एवढं रामायण घडलं, असं म्हणतात.

आण्णा पाटकरी होते. कालव्याची दारं उघडायची, ज्याची पाळी त्याच्या शेतात पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. आमच्या भागात उसाला पाणी मिळालं तर माणूस बागायतदार बापूराव होतो, नाही मिळालं तर गरीब सोपान राहतो. सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला पाणी आटत चाललं होतं. एका संध्याकाळी पाळी सोपानची होती आणि दार बापूरावांनी आपल्या उसाकडे फिरवलं. सोपान दारात आडवा उभा राहिला. बापूरावांनी खोरं उचललं आणि पात्याची धार त्याच्या मानेवर घातली. तो पाटात पडला तरी वरून घालत राहिले. आण्णा मधे पडले, तेव्हा त्याच खोऱ्याचा दांडा त्यांच्या दोन्ही कानशिलांवर बसला. पाणी सोपानला वाहवत खाली घेऊन गेलं. आण्णा घरी आले ते कानांतून रक्त गळत, आणि त्यानंतर त्यांना साधं बोलणं कधी ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बापूराव आमच्या दारात आले. माझ्या टेबलाकडे बोट दाखवून आईला म्हणाले, "पोरगं लई तारांशी खेळतंय. कधी शॉक लागून मेलं तर कोन बघायला येनार हाय?" आईनं ते आण्णांना खुणांनी सांगितलं. आण्णांनी पंचांपुढे सांगितलं की अंधार होता, आपण काही पाहिलं नाही. सोपान पाय घसरून पडला, असं ठरलं.

मी तेव्हा लग्नाकार्यात कर्णा लावायचो. पंचवीस वॅटचा अॅम्प्लिफायर मी घरीच बांधला होता. चासीचा, म्हणजे सांगाड्याचा, पत्रा कापून भोकं पाडली, ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला, व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या दिव्यांच्या, पायांना एकेक तार झाळली. आण्णांसाठी मी नगरच्या जुन्या बाजारात लष्करी भंगारातले हेडफोन शोधले. दोन हजार ओहमचे, चामड्याच्या पट्ट्याचे. अॅम्प्लिफायरला त्यांच्यासाठी वेगळं भोक काढलं आणि आवाज पुरेसा वाढवला. पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा आण्णा दचकले आणि मग रडले. त्या दिवसापासून ते हेडफोनला "माझे कान" म्हणत. कुठंही कर्णा लावायला गेलो की ते कान चढवून यंत्राशेजारी बसत.

हेडफोनची एक गंमत आहे. तो माईकच्या भोकात घातला तर उलटा चालतो. त्यात बोललं तर कर्ण्यातून आवाज येतो. घरी मी एकदा तसं करून दाखवलं होतं. कर्णा अंगणात होता. मी हेडफोनमध्ये "आये, चहा टाक" म्हणालो आणि बाहेर आई केवढ्यानं दचकली. आण्णांना ऐकू आलं नाही, पण आईकडे पाहून ते पोट धरून हसले. दुसऱ्या माईकसाठी ठेवलेलं भोक आणि हेडफोनचं भोक मी एकाच मापाचं, शेजारीशेजारी केलं होतं. मला तशाच पिना मिळाल्या होत्या.

बापूराव सोसायटीत निवडून आले, तेव्हा सत्काराला कर्णा माझाच होता. नाही म्हणायची सोय नव्हती. कर्णा लिंबावर बांधला. तो वाऱ्यानं फिरला म्हणून मी झाडावर चढलो होतो. खाली बापूराव बोलत होते, आणि आण्णा कान चढवून ऐकत होते. बापूरावांनी सोपानच्या आईला पुढे बोलावलं. "सोपान माझ्या लेकासारखा हुता. पाटात पाय घसरला, नशीब त्याचं," असं म्हणून त्यांनी तिला लुगडं-चोळी दिली. म्हातारीनं वाकून ती घेतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या आणि माझ्या कानाशीच कर्णा बोलला.

"सोपानला बापूरावानं मारलं. खोऱ्यानं. मी हुतो तितं."

सगळ्यांनी वर पाहिलं, जणू लिंबच बोलला होता. मी खाली पाहिलं. आण्णांनी हेडफोन गळ्यात सोडले होते, आणि त्यांची पीन दुसऱ्या माईकच्या रिकाम्या भोकात होती. बहिऱ्या माणसाला आपला आवाज मोजता येत नाही. ते ओरडूनच बोलत होते. तेच वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं.

मी झाडावरून उडी टाकली तोवर बापूरावांच्या पुतण्यानं यंत्राला लाथ घातली होती. व्हॉल्व्ह फुटले. एकानं चासीला हात घातला, तीनशे व्होल्टनं त्याला मागच्या बाकड्यावर फेकलं. मग कुऱ्हाड आली. पहिला घाव ट्रान्सफॉर्मरवर बसला. दुसरा आण्णांवर होता. मी मधे हात घातला नसता तर डोकं फुटलं असतं, नुसती कातडी फाटली आणि ते ट्रान्सफॉर्मरच्या घावावर डोकं आपटून पडले. माझा खांदा माईकच्या लोखंडी दांड्यानं मोडला. मी ओरडत होतो, "भोक चुकलं त्यांचं, चुकून झालं, बहिरे हायेत ते." तोवर सोपानचे भाऊ कोयते घेऊन धावले, आणि पुतण्याची बोटं मांडवाच्या सतरंजीवर पडलेली मी पाहिली. सोपानची आई त्या सगळ्यात उभी होती. तिनं लुगडं-चोळी बापूरावांच्या पायांवर टाकली आणि त्यावर थुंकली. आमचं उसाच्या पाचटाचं घर त्यांनी पेटवलं ते लांबून दिसलं. बेण्याचा ट्रक सोपानच्या भावकीतला होता.

बडोद्याला एका दूरच्या नातेवाइकाच्या ओळखीनं मला रेडिओच्या दुकानात काम मिळालं. हाड वाकडं जुळलं, पण हात चालतो. मालक म्हणायचा, "चालशे, वसंतभाई, धीमे धीमे." त्याच ट्रान्सफॉर्मरभोवती मी आण्णांसाठी पुन्हा यंत्र बांधलं. पत्र्या वाकल्या होत्या, पण आतलं तांबं शाबूत होतं.

ते यंत्र पुरं झालं त्याच सुमाराला शेवगावहून मामा निरोप घेऊन आले. बापूरावांवर सोपानच्या खुनाचा खटला उभा राहिला होता, आणि त्यांच्या माणसांनी मामांना गाठलं होतं. आण्णांनी कोर्टात एवढंच म्हणायचं की पीन चुकीच्या भोकात गेली आणि आपण आजारपणात काहीतरी बरळलो. मग घर बांधून देतील आणि कोणी केसाला धक्का लावणार नाही.

मामा म्हणाले, "दाजी तसंबी चुकूनच बोलले ना. मग खोटं काय हाय त्यात? चला घरी."

मलाही जायचं होतं. आईला तर फारच. मी आण्णांना कान चढवले आणि माईकमध्ये सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "आण्णा, भोक चुकलं एवढंच म्हना."

आण्णांनी पीन उपसली. माझ्यापुढे धरली आणि न बघता, अंगठ्यानं चाचपून, माईकच्या भोकात घातली. मग उपसून आपल्या भोकात घातली.

"दोनी सारखी तू केली," ते म्हणाले. "मला पयल्या दिसापासून ठावं हाय कोनतं कशाचं. पावन्याला चहा दे."

मामा चहा न घेता गेले. आई चुलीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "मंग काय, बडोद्यालाच मरायचं."

श्रीरामपूरच्या कोर्टात ते यंत्र मी टेबलावर मांडलं. आण्णांनी वकिलाचे प्रश्न त्यातून ऐकले आणि लिंबावरून ऐकू आलं होतं तेच वाक्य सांगितलं. बापूराव तुरुंगात गेले. आम्ही गावात पाय न ठेवता कोर्टातून थेट स्टेशनवर गेलो. आमच्याच भावकीनं आमच्या जागेत गोठा बांधला आहे म्हणतात. बांधू दे.

माझी मुलं गुजराती आणि मराठी मिसळून बोलतात, गाव विचारलं की बडोदा सांगतात. नवरात्रीत गरब्याला माझेच अॅम्प्लिफायर जातात. गिऱ्हाईक विचारतं, "बे काणां सरखां केम, वसंतभाई?" दोन भोकं एकसारखी का, म्हणून. वेगळ्या मापाची करणं सोपं आहे, चूक होऊ नये म्हणून करायलाही हवीत. मी करत नाही.

ते जुनं यंत्र घरी आहे. चालू केलं की व्हॉल्व्ह तापेपर्यंत दुसरा आवाज नसतो, फक्त कुऱ्हाडीनं सैल झालेल्या पत्र्या गुरगुरतात. वॉर्निश लावून मी त्या गप्प करू शकतो. माझं बेलापूर आता तेवढंच आहे, म्हणून लावत नाही. आण्णा होते तोवर रोज सकाळी त्या घावावर तळहात ठेवून बसायचे. त्यांना आवाज येत नसे, हाताला थरथर लागे.

"चालू हाय," म्हणायचे.