नागपूरला गेलेली अंडी

मी चौथी पास आहे. पुढची शाळा दारव्ह्याला होती आणि दारव्ह्याला मला कोणी पाठवलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे अँटीबॉडी, रिसेप्टर असले शब्द येणार आहेत आणि म्हातारीने ते कुठून तरी उतरवून घेतले असं कोणाला वाटायला नको. ते शब्द माझ्या घरात तीन महिने राहून गेले. सहा कोंबड्यांसोबत आले होते.

टाळेबंदीचं वर्ष होतं. बोरी अरबच्या अलीकडे आमचं गाव. कापसाची खरेदी बंद, त्यामुळे मधल्या खोलीत खिडकीपर्यंत कापूस भरलेला. उन्हाळा लागला तशी त्या कापसाची खाज सुटली. घरात जो तो खाजवत होता. आमचे मालक अंगणात बाज टाकून झोपत आणि सकाळी उठल्यावर निंबाच्या खोडाला म्हशीसारखी पाठ घासत. मी पाहून हसायची. मग माझीही पाठ खाजायची आणि ते हसायचे.

सगळं बंद व्हायच्या आदल्या दिवशी धाकटी लेक नागपूरहून आली. ती तिथे प्रयोगशाळेत संशोधन करते. जीपमधून सहा पिंजरे उतरवले. सहाही कोंबड्या पांढऱ्याशुभ्र, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा. पायांत फक्त वेगळ्या रंगाची कडी. प्रयोगशाळेला कुलूप लागणार, मग यांना दाणा कोण टाकणार, म्हणून सरांची परवानगी घेऊन हिने घरी आणल्या.

मालकांनी त्यातली सगळ्यात जाड उचलून वजन पाहिलं. म्हणाले, "हे तं मस्त रस्स्याची आहे."

"बाबा, ठेवा खाली. त्यायच्यात माह्ये तीन वर्षं आहेत."

त्यांनी कोंबडी अशी हळू खाली ठेवली, जसं काही लेकरू झोपलं आहे.

रात्री भाकरी थापताना मी तिला विचारलं, "तू या कोंबड्यायचं नेमकं करतं काय?"

"खुंट्या समज, आई. आपल्या अंगात बारीक बारीक पेशी असतात. त्यायच्या अंगावर खुंट्या असतात, रिसेप्टर म्हणतात त्याले. बाहेरून निरोप येते, खुंटीवर लटकते, तवा पेशी कामाले लागते. छातीतल्या एका जातीच्या गाठीत एकच खुंटी भलतीच वाढते. निरोपावर निरोप, अन् गाठ वाढतच जाते."

"मग?"

"मग त्या खुंटीवर आधीच दुसरं काही अडकवून ठेवाचं. निरोपाले जागाच नाही ठेवाची. जे अडकवाचं, थे अँटीबॉडी."

"म्हणजे लग्नघरी गेलं की आपण आधी खुंटीवर पिशवी अडकवतो तसं. मग दुसरीच्या लुगड्याले जागा नाही."

ती भाकरी हातात धरून हसत सुटली. म्हणे सरांना हे सांगते.

तर त्या रिसेप्टरचे सहा तुकडे करून एकेका कोंबडीला एकेक टोचलेला होता. कोंबडीचं अंग त्याला परका समजतं, त्याच्यावर अँटीबॉडी तयार करतं आणि पिल्लाच्या कामी यावी म्हणून अंड्याच्या बलकात भरून ठेवतं. पिल्लू काही व्हायचं नव्हतं, कोंबडा नव्हताच. पण कोंबडीला कोण सांगणार. आता कोणत्या कोंबडीची अँटीबॉडी खुंटीला घट्ट धरते, हे हिला शोधायचं होतं. म्हणून कोणतं अंडं कोणाचं, हे कळणं मुख्य. तेच नाही कळलं तर सगळी अंडी आमलेटच्या कामाची.

पिंजऱ्यात त्या धापा टाकायला लागल्या तेव्हा मी त्यांना कापसाच्या खोलीत सोडलं. एकेकीने कापसात आपापला खड्डा केला आणि रोज तिथेच बसायची. लेक खड्डा पाहून अंडं उचलायची, पेन्सिलीने नंबर टाकायची आणि फ्रिजमध्ये ठेवायची. फ्रिजमध्ये दुधाला जागा राहिली नाही. मालक काळा चहा पीत आणि कोंबड्यांकडे रागाने पाहत.

शेवटी प्रयोगशाळा उघडली. तिला पास मिळाला, सकाळी निघायचं ठरलं. संध्याकाळी ती गाडीवाल्याशी बोलायला बाहेर गेली आणि मी फ्रिज उघडला. अंडी कशी, तर कोणाला शीट लागलेली, कोणाला कापूस चिकटलेला. आमच्या घरातून वाटीभर ताकसुद्धा मळक्या भांड्यातून बाहेर जात नाही. नागपूरचे सर म्हणतील, हिच्या मायने काय शिकवलं हिला? मी घमेल्यात पाणी घेतलं, काथ्या घेतला आणि सगळी अंडी अशी लख्ख घासली की विचारू नका. एकही फुटलं नाही. सुपात फडकं टाकून वाळत ठेवली.

लेक आली. सुपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"आई. नंबर कुठी आहेत?"

"कोणते नंबर?" म्हटलं, आणि म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं.

"काहून धुतले वं?" ती खालीच बसली. "कोंबड्यायचा जोर आता उतरून राह्यला. टोचाचा तुकडा संपला. माही फेलोशिप दिवाळीपर्यंत आहे. आता मी काय नेऊ?"

मी रडणारी बाई नाही. मी सूप पुढे ओढलं आणि म्हणाले, "कायले घाबरतं? नंबर गेले, अंडे तं आहेत. हे लंबं, टोकाचं, लाल कड्याचं. हे बुडाशी चुन्याचे दाणेवालं, पिवळ्या कड्याचं. कमरेले वळी आहे थे काळ्याचं. हे लिंबासारखं गोल..."

"आई, गंमत नको करू."

"गंमत तुही माय करते का कधी?"

सहा ढीग झाले. जन्मभर कोंबड्या पाळल्या आहेत. पांढरी असो की काळी, प्रत्येकीच्या अंड्याची घडण आपली आपली. आणि तीन महिने दुपारचं मला दुसरं काम नव्हतं. एक अंडं मात्र हातात फिरवून मी वेगळं ठेवलं.

"हे आपलं नाही."

"हिरव्याच्या खड्ड्यातलं असंन. एवढं लहानसं एक मी तिथूनच उचललं होतं."

"खड्डा हिरव्याचा असंन. अंडं नाही."

लेकीने सरांना फोन लावला. सर म्हणाले, नंबर नाही तर काही नाही, असं विज्ञानात चालत नाही. मी फोन हिसकावला. "सर, मले तपासा ना. तुमी सगळ्यायले तपासता."

सर मग म्हणाले, "मावशी, ठीक आहे."

लेकीने जाणं लांबवलं. चार दिवस ती स्वतः कापसात बसून राहिली, खाजवत खाजवत, कोण काय घालते ते पाहत. कागदावर लिहायची, कागद खिशात आणि अंडं माझ्यापुढे. मी सांगायची, ती खिशातला कागद काढायची. पहिल्या दिवशी तिचं तोंड ताणलेलं होतं. दुसऱ्या दिवशी कागद काढायच्या आधीच हसू यायला लागलं. तिसऱ्या दिवशी मालकही येऊन बसले आणि प्रत्येक अंड्याला "बरोब्बर!" म्हणून ओरडायला लागले. चौथ्या दिवशी त्यांनी बाजारातलं एक अंडं मधेच सरकवलं. मी ते उचलून त्यांच्या हातात दिलं. "हे तुमी खा." लेक कापसावर आडवी पडून हसत होती, केसांत कापूस, नाकात कापूस, कोंबड्या कोकलत इकडून तिकडे.

सर म्हणाले, आणा. पण एकेक अंडं वेगळं तपासायचं, ढिगावर विश्वास नाही. मी म्हटलं, ठेवूच नका.

सगळी अंडी, ते वेगळं ठेवलेलंसुद्धा, घेऊन ती गेली आणि मला करमेना. मी सहा जणींना दाणा टाकायची आणि सांगायची, "मायहो, तुमी आपापलंच घातलं असंन तं बरं." त्या ऐकत नसत. मी घासली नसती तर हे काहीच झालं नसतं, हे मला रोज आठवायचं आणि मी ते कोणाला बोलले नाही.

आठव्या दिवशी दुपारी फोनवर तिचा चेहरा आला. मागे कोणीतरी टाळ्या वाजवत होतं. तिने प्लास्टिकची एक पाटी दाखवली, इडलीपात्रासारखी, पण वाट्या मोहरीएवढ्या.

"आई, पाह्य! एकेका वाटीत एकेक तुकडा लावला, अँटीबॉडीनं धरला की पिवळा होते. ज्या तुकड्याची कोंबडी, त्याच वाटीत पिवळा रंग आला. सगळ्याच ढिगांत! अन् काळ्या कड्याचीनं खुंटी अशी धरली की धुतली तरी सोडत नाही!"

"धुतली तरी?"

"हो वं. धुवूनच पाहतात."

"पाह्य मग. मले बोलली होती."

सर मधे आले. "मावशी, एक प्रश्न आहे. वेगळं ठेवलेलं ते एक अंडं. त्यात कोणत्याच तुकड्यावर रंग आला नाही. काहीच नाही. असं कसं?"

"कारण थे आपलं नाही, सर. मी सांगतलं होतं."

फोन ठेवला आणि मी तशीच कुंपणाकडे गेले. पलीकडे शेजारीण वाळवण उलटत होती. तिची एक पांढरट कोंबडी आहे, भारी चोर. आमची कापसाची खिडकी उघडी असायची.

"वं, तुही कोंबडी माह्या कापसात अंडे घालून राह्यली होती."

"घातलं असंन. मग आण ना माहं अंडं."

"नाही आहे. नागपूरले गेलं."

तिने हातातला पापड तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

"शिकाले?"

मी कुंपण धरून खाली बसले. हसू थांबेना. पाठही खाजत होती.