राहिलेलं लुगडं

नव्या कोऱ्या लुगड्याच्या खळीचा वास आला की मला केदारखेड्यातलं ते अंगण आठवतं. वडिलांनी म्हातारपणी एकच ध्यास घेतला होता, आपल्या आजीचं माहेर शोधायचं. माझी ही पणजी मूळ कुणाची लेक, हे आमच्या घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. आली, राबली, गेली, एवढंच तिचं चरित्र. विचारत विचारत आम्ही दोघं भर उन्हात त्या अंगणात पोचलो, तर बाजेवर बसलेला म्हातारा तिच्या धाकट्या भावाचा मुलगा निघाला. वडील हरखून तिच्या लहानपणाचं विचारायला लागले, पण त्यानं हात वर करून त्यांना थांबवलं. "आधी हे सांगा, आत्या भरल्या कपाळानं गेली का?" "हो, आजोबांच्या आधी गेली," वडील म्हणाले. "मंग हिरवं," असं म्हणून त्यानं सुनेला दुकानात पिटाळलं. "बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. आम्हाला सांगावा आल्ता, पर माती झाल्यावर. आमचं द्यायचं राह्यलं ते राह्यलंच." हिरव्या लुगड्याची घडी त्यानं वडिलांच्या हातांवर ठेवली आणि तिला वाकून नमस्कार केला. परतीच्या एसटीत वडील ती मांडीवर धरून बसले होते, लहान मूल धरावं तशी. तिच्या लहानपणाचं विचारायचं राहूनच गेलं. आता वडीलही नाहीत. परवा तो म्हातारा गेला, आणि त्याच्या सुनेचा फोन मला माती व्हायच्या आधी आला.